हिंजवडीला उभं राहायचंय, चाकणला बसायचंय : घरच्या घरी स्टँडिंग डेस्क कसं बनवायचं आणि ते नेमकं कशासाठी

सकाळी कासारवाडीच्या नाशिक फाट्यावर उभं राहिलं, की अख्खं पिंपरी-चिंचवड डोळ्यांसमोरून जातं. कंपनीच्या बसेसचा एक लोंढा भोसरी, मोशी करत चाकणकडे निघालेला असतो. थोड्या वेळाने दुसरा लोंढा पिंपळे सौदागर, वाकडवरून हिंजवडीकडे सरकायला लागतो. पहिल्या बसमधले बरेच जण पुढचे आठ तास उभे राहणार असतात. दुसऱ्या बसमधले पुढचे आठ-नऊ तास बसून काढणार असतात. आणि संध्याकाळी घरी आल्यावर दोघांचीही तक्रार एकच असते, कंबर धरली.

यातल्या दुसऱ्या गटात गेल्या काही वर्षांत एका वस्तूची चांगलीच हवा झालीय. स्टँडिंग डेस्क, म्हणजे उभं राहून काम करायचं टेबल. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ऑफिस घरात आलं आणि लोकांनी आधी पलंगावर, मग डायनिंग टेबलवर, मग इस्त्रीच्या टेबलवर लॅपटॉप ठेवून पाहिला. पाठ बोलायला लागली तसे काही जण थेट स्वयंपाकघराच्या ओट्यावर पोहोचले. बटण दाबलं की वर-खाली होणारी मोटरवाली डेस्कं बाजारात मिळतात, पण त्यांची सुरुवातच साधारण पंधरा-वीस हजारांपासून होते. म्हणून मग घरीच बनवायचा विचार येतो.

त्यासाठी पिंपरी-चिंचवडइतकी सोयीची जागा शोधून सापडायची नाही. लाकूड, लोखंड आणि वेल्डिंग, तिन्ही गोष्टी इथे हाकेच्या अंतरावर आहेत. पण करवत हातात घेण्याआधी हे टेबल काय करू शकतं आणि काय करू शकत नाही, हे बघायला पाहिजे. कारण त्याच्या नावावर जे खपवलं जातं, त्यातलं बरंचसं खरं नाही.

सगळं सुरू झालं लंडनच्या बसमध्ये

बसून राहणं वाईट, ही कल्पना शास्त्रात पक्की झाली ती डबलडेकर बसमुळे. जेरी मॉरिस नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या बस कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला आणि तो १९५३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच बसमध्ये, एकाच पाळीत काम करायचे. तरीही कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण ड्रायव्हरपेक्षा कमी निघालं. एक जण दिवसभर बसलेला, दुसरा दिवसभर फिरता.

पुढे १९५६ मध्ये याच गटाने एक मजेशीर गोष्ट तपासली. त्यांनी गणवेश शिवायला घेतलेली मापं काढून पाहिली. ड्रायव्हरच्या पँटची कंबर त्याच वयाच्या कंडक्टरपेक्षा मोठी होती. म्हणजे सगळा दोष खुर्चीचा नव्हता, मुळात कोण कुठल्या कामाला लागतं यातही फरक होता. चांगला संशोधक स्वतःच्याच निष्कर्षात अशी खोट शोधतो.

यात एक बारकावा आहे आणि तो डेस्कांच्या जाहिरातीत नेमका गळून पडतो. कंडक्टर नुसता उभा नव्हता. तो तिकिटं फाडत दिवसभर वरच्या मजल्यावर चढत-उतरत होता. फायदा झाला तो त्या जिन्यामुळे.

मग नुसतं उभं राहिल्याने काय होतं? वजन उतरतं का? २०१८ मध्ये बऱ्याच अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून संशोधकांनी हिशेब मांडला. बसण्यापेक्षा उभं राहिल्यावर मिनिटाला सरासरी ०.१५ कॅलरी जास्त जळतात. ६५ किलो वजनाचा माणूस रोज सहा तास बसण्याऐवजी उभा राहिला, तर दिवसाला ५४ कॅलरी. एका पोळीत याहून जास्त असतात. त्यामुळे पोट कमी करायला कुणी हे टेबल बनवत असेल, तर त्याने ते पैसे वाचवून संध्याकाळी चालायला जावं. दहा लाखांहून जास्त लोकांच्या माहितीवर आधारलेला २०१६ चा 'लॅन्सेट'मधला अभ्यासही तेच सांगतो. दिवसाला आठ तासांहून जास्त बसणाऱ्यांचा वाढलेला धोका रोजच्या ६० ते ७५ मिनिटांच्या मध्यम व्यायामाने, उदाहरणार्थ झपाझप चालण्याने, जवळपास भरून निघाल्याचं त्यात दिसलं.

तरीही टेबलाचा उपयोग आहे. यूकेतल्या लेस्टरमध्ये सरकारी रुग्णालयांच्या ऑफिस कर्मचाऱ्यांना वर-खाली होणारी डेस्कं दिली आणि वर्षभर लक्ष ठेवलं. २०१८ मध्ये त्याचा निकाल आला. डेस्क मिळालेले लोक वर्षाअखेरीस इतरांपेक्षा दिवसाला साधारण ८३ मिनिटं कमी बसत होते आणि त्यांच्या पाठ-मानेच्या तक्रारी, थकवा यात सुधारणा दिसली. या प्रयोगात टेबलासोबत लोकांना उभं कधी राहायचं याची आठवण आणि सल्लाही दिला जात होता, हे विसरायचं नाही. नुसतं टेबल आणून ठेवलं तर महिन्याभरात त्यावर कपड्यांच्या घड्या पडतात.

थोडक्यात हे टेबल शरीराची स्थिती बदलायची सोय आहे. एवढीच अपेक्षा ठेवून कामाला लागलं तर निराशा होत नाही.

आधी आठ दिवस ओट्यावर

बनवण्याआधी चाचणी घ्या. घरात उभ्याने काम करायचं टेबल आधीपासून असतंच, त्याला ओटा म्हणतात. आपल्याकडच्या ओट्यांची उंची बहुतेक ३२ ते ३४ इंच असते. भाजी चिरायला, कणीक मळायला ती ठीक आहे, कारण तिथे हाताने वरून जोर द्यायचा असतो. टाइप करायला मात्र ती कमी पडते आणि माणूस वाकतो.

जाता जाता, चुलीपुढे बसून होणारा स्वयंपाक ओट्यामुळे उभ्याने व्हायला लागला, तेव्हा धुराचा आणि उठाबशांचा त्रास कमी झाला, पण टाचा आणि पोटऱ्या दुखायला लागल्या. उभं राहून आठ तास काम करणं कसं असतं, हे आयटीवाल्यांनी घरात कुणाला विचारलं असतं तरी कळलं असतं.

तर चाचणी अशी. ओट्याच्या कोरड्या टोकाला, शेगडी आणि नळापासून लांब, स्टीलचे दोन सारख्या उंचीचे डबे ठेवा, त्यावर पोळपाट किंवा फळी ठेवा आणि कीबोर्ड योग्य उंचीला आणा. आठ दिवस रोज दोन-तीन वेळा वीस-वीस मिनिटं काम करा. चौथ्या दिवशीच कंटाळा आला तर टेबलाचा खर्च वाचला. सवय लागली तर पुढचं वाचा.

सगळा खेळ उंचीचा

घरी बनवलेल्या दहापैकी सात-आठ टेबलांत चूक होते ती उंचीत. इंटरनेटवर कुणीतरी लिहिलेलं ४२ इंच किंवा ४५ इंच हे माप उचललं जातं. ते माप त्याच्या उंचीचं असतं.

मोजायची पद्धत सोपी आहे. घरात ज्या चपला घालून काम करणार त्या घालून सरळ उभे राहा. खांदे सैल सोडा, कोपर काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपराच्या खालच्या टोकापर्यंत दुसऱ्या कुणाला तरी टेपने मोजायला सांगा. स्वतः मोजायला गेलात तर वाकाल आणि माप चुकेल. कीबोर्ड या उंचीला किंवा अर्धा-एक इंच खाली हवा. साधारण अंदाज म्हणून, पाच फूट पाच इंचाच्या माणसाचं कोपर ४१ इंचांच्या आसपास येतं, पाच फुटी व्यक्तीचं ३८ इंचांच्या आसपास. म्हणजे नवरा-बायको दोघं एकच टेबल वापरणार असतील तर बुटक्या व्यक्तीच्या मापाने बनवायचं आणि उंच व्यक्तीने कीबोर्डखाली फळी घ्यायची. उलटं केलं तर बुटक्या व्यक्तीला दिवसभर खांदे उचलून टाइप करावं लागतं आणि आठवड्यात मान आखडते.

दुसरी अडचण लॅपटॉपची. त्याचा कीबोर्ड आणि स्क्रीन एकमेकांना चिकटलेले. कीबोर्ड कोपराला आणला की स्क्रीन छातीखाली जाते आणि मान खाली. स्क्रीन डोळ्यांसमोर आणली की हात वर. म्हणून साधा वेगळा कीबोर्ड आणि माउस घ्यावाच लागतो, त्याला पर्याय नाही. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, आणि स्क्रीन हात लांब केल्यावर बोटं टेकतील एवढ्या अंतरावर. पाच-पाच उंचीच्या माणसाला त्यासाठी लॅपटॉप टेबलापासून साधारण दहा इंच वर घ्यावा लागतो. तीन फळ्या ठोकून उलट्या 'यू' आकाराचा स्टँड केला की काम झालं. जाड चष्म्यातून खालच्या काचेने वाचणाऱ्यांनी, म्हणजे बायफोकलवाल्यांनी, स्क्रीन आणखी थोडी खाली ठेवावी, नाहीतर ते हनुवटी वर करून बघत बसतात.

सांगाडा : दुकानातली रॅक

मोटर नाही, गिअर नाही, मग उंची कमी-जास्त कशी करायची? याचं उत्तर प्रत्येक किराणा दुकानात आणि प्रत्येक कंपनीच्या स्टोअरमध्ये उभं आहे. भोकं पाडलेल्या लोखंडी अँगलची रॅक, म्हणजे स्लॉटेड अँगल. या अँगलला वरपासून खालपर्यंत ठरावीक अंतरावर भोकं असतात. नट-बोल्ट काढा, फळी एक-दोन भोकं वर घ्या, पुन्हा कसा. रोज वर-खाली करता येत नाही, पण पहिल्या महिन्यात आपल्याला नेमकी कुठली उंची मानवते हे ठरवायला याच्यासारखं दुसरं काही नाही. फॅब्रिकेशनवाल्याकडून चौकोनी पाइपचं टेबल वेल्डिंग करून घेतलं तर ते मजबूत होतं, पण अर्धा इंच चुकलं की ग्राइंडर आला. पाइपचंच करायचं असेल तर आधी रॅकवर उंची पक्की करा आणि मगच भोसरीची वाट धरा. फक्त गुरुवार सोडून, त्या दिवशी एमआयडीसीतली बरीच वर्कशॉप बंद असतात.

तीन फूट रुंद, दोन फूट खोल एवढा सांगाडा घरच्या कामाला पुरतो. उंच आणि अरुंद असल्यामुळे तो डुगडुगतो आणि टाइप करताना स्क्रीन हलली की डोळे दुखतात. म्हणून कोपऱ्यांत त्रिकोणी पत्र्याच्या कॉर्नर प्लेट बसवा आणि मागच्या बाजूला दोन लोखंडी पट्ट्या एकमेकींना छेदून फुलीसारख्या लावा. नुसत्या कॉर्नर प्लेटने भागत नाही. सगळ्यात चांगलं म्हणजे मागचे दोन पाय भिंतीत ड्रिल मारून अडकवणं. पण भाड्याच्या फ्लॅटमध्ये मालक भिंतीला खिळा मारू देत नाही, तिथे फुलीवरच विसंबावं लागतं. अँगलच्या खालच्या टोकांना रबरी बूट घाला, नाहीतर टाइलवर चरे पडतात आणि डिपॉझिट कापलं जातं. वरच्या धारदार टोकांना प्लॅस्टिकच्या टोप्या मिळतात, लहान मुलं असतील तर त्या विसरू नका.

खालच्या बाजूला, जमिनीपासून पाच-सहा इंचांवर, पुढच्या दोन पायांना जोडणारा एक आडवा अँगल लावा आणि त्यावर फळी किंवा पाइप बसवा. हा भाग बिनकामाचा वाटतो, पण टेबल टिकणार की अडगळीत जाणार हे यावरच ठरतं. का ते पुढे येईलच.

फळी : चाकणचं पॅलेट

आता वरची फळी. प्लाय आणून टाकता येतो, पण चाकण पट्ट्यात त्याहून स्वस्त आणि देखणी गोष्ट मिळते, पाइनवुडची पॅलेट. देशातून-परदेशातून येणारे मशीनचे आणि गाड्यांचे सुटे भाग ज्या लाकडी चौकटींवर आणि खोक्यांत येतात, ती ही पॅलेट. माल उतरला की कंपनीला ती नकोशी होते आणि भंगारवाल्याकडे जातात. वर्षानुवर्षं चिखलीजवळची कुदळवाडी हा या सगळ्याचा मोठा बाजार होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली हजारो शेड आणि गोदामं पाडली. तो धंदा विखुरला, पण कारखाने तिथेच असल्याने पॅलेट यायची थांबलेली नाहीत. चाकण-तळेगाव रस्त्याला आणि मोशीच्या आसपास ढीग दिसतात.

ढिगातलं कुठलंही पॅलेट उचलायचं नाही. आधी त्यावरचा शिक्का वाचायचा. एका देशातल्या लाकडातली कीड दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून २००२ मध्ये एक आंतरराष्ट्रीय नियम आला. निर्यातीच्या मालाखालचं लाकूड किडीपासून मुक्त करून त्यावर तसा शिक्का मारावा लागतो. शिक्क्यात एका बाजूला गव्हाच्या ओंबीसारखं चित्र असतं. बाजूला देशाची दोन अक्षरं, उदाहरणार्थ भारतासाठी आय-एन, जर्मनीसाठी डी-ई, आणि प्रक्रियेची दोन अक्षरं. ती अक्षरं एच-टी असतील तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवलेलं आहे. असं पॅलेट घ्यावं. एम-बी असेल तर त्यावर मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. हा वायू ओझोनच्या थरालाही घातक आहे आणि म्हणून जगभर त्याचा वापर कमी करत आणलाय. वायू उडून जातो, पण घरात, रोज हात टेकायच्या जागी असं लाकूड आणण्याचं काहीच कारण नाही. शिक्काच नसेल तर ते देशातल्या देशात फिरलेलं पॅलेट असू शकतं, ते वाईट असेलच असं नाही. तेव्हा डाग आणि वास बघा. ऑइल, कूलंट किंवा केमिकलचे काळे-हिरवे डाग असलेली फळी कितीही घासली तरी उन्हाळ्यात वास सोडते.

पॅलेट नेहमीच्या मापाचं असेल तर एक बाजू १२०० मिलिमीटर, म्हणजे जवळपास चार फूट असते. तीन फुटी टेबलाला फळ्या पुरून उरतात. त्या सुट्या करताना मात्र घाम निघतो. पॅलेटचे खिळे पिळाचे असतात, पक्कड लावून ओढले तर फळी फाटते. हातोड्याने ठोकत बसण्यापेक्षा फळी आणि ठोकळा यांच्या फटीत हॅक्सॉचं पातं घालून खिळाच कापायचा. खिळ्याचं डोकं फळीत राहतं, राहू द्या. फक्त रंधा मारताना ते पात्याला लागणार नाही एवढं बघा, पंच मारून आत दाबून घ्या. मग ८० नंबरचा आणि १२० नंबरचा पॉलिश पेपर. हे काम मास्क लावून गच्चीत करायचं, फ्लॅटच्या हॉलमध्ये नाही. फळ्या शेजारी-शेजारी ठेवून खालून दोन आडव्या पट्ट्यांना स्क्रूने जोडल्या, वरून पॉलिशचे दोन हात दिले, की टेबलाची फळी तयार. पुढची कड थोडी गोल घासून घ्या, मनगट तिथेच टेकतं.

उभं कसं राहायचं, हेही शिकावं लागतं

टेबल तयार झालं की पहिल्या दिवशी उत्साहात लोक चार तास उभे राहतात, दुसऱ्या दिवशी पाय सुजतात आणि तिसऱ्या दिवशी टेबलावर कुंडी येते.

हे का होतं? पायांकडून हृदयाकडे रक्त वर चढवायचं काम मुख्यतः पोटरीचे स्नायू करतात. चालताना ते आवळतात-सैल होतात आणि शिरांमधलं रक्त वर ढकलतात. एका जागी पुतळ्यासारखं उभं राहिलं की हा पंप जवळपास बंद पडतो. रक्त खाली साचतं, शिरांच्या झडपांवर ताण येतो, पाय जड होतात. रोज, वर्षानुवर्षं असं झालं तर पोटरीवर निळ्या-जांभळ्या गाठाळ शिरा दिसायला लागतात. त्यांनाच व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. २०२४ मध्ये सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी यूकेतल्या ८३ हजारांहून जास्त लोकांच्या मनगटी यंत्रांची नोंद तपासली. जास्त वेळ उभं राहिल्याने हृदयविकार किंवा पक्षाघाताचा धोका कमी झालेला दिसला नाही, उलट दिवसाला दोन तासांच्या पुढे उभं राहणाऱ्यांत शिरांच्या तक्रारींचा धोका वाढत गेलेला दिसला.

म्हणून सुरुवात पंधरा-वीस मिनिटांपासून. अर्धा तास बसलात की थोडा वेळ उभं, मग पुन्हा बसा, आणि मध्ये पाणी आणायला दोन मिनिटं चाला. घड्याळाचा गजर लावण्यापेक्षा कामं वाटून घेतलेली बरी. फोन आणि मीटिंग उभ्याने, बारीक लक्ष द्यायचं काम बसून. महिन्याभराने दिवसाला एकूण दोन तास उभ्याने झाले तरी पुष्कळ झालं.

आता तो खालचा आडवा अँगल. एक पाय त्यावर, दुसरा जमिनीवर, काही मिनिटांनी पाय बदलायचा. असं केलं की कंबरेचा बाक कमी होतो आणि शरीर आपोआप हलत राहतं. अँगल लावला नसेल तर जाड लाकडी पाट चालतो. देवाजवळचा चौरंग मात्र पायाखाली घेऊ नका, घरात महाभारत होईल.

नव्या फ्लॅटमधल्या टाइल फार कडक असतात, अनवाणी उभं राहिलं की टाचा दुखतात. योगा मॅट दुहेरी करून किंवा जुनी गोधडी घडी करून पायाखाली घ्या. गुडघे ताठ लॉक करू नका. आणि ज्यांना आधीपासून व्हेरिकोज व्हेन्स, पायाला सूज किंवा टाचेचं दुखणं आहे, किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी टेबल बनवण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

ज्याच्या हातात बसणं नाही, त्याचं काय

इथवर वाचलेलं सगळं एका गोष्टीवर उभं आहे. पाय दुखले की बसता येतं. वाकडच्या फ्लॅटमधला माणूस खुर्ची ओढतो, विषय संपला. चाकणच्या असेंब्ली लाइनवर समोरून पुढचा सुटा भाग सरकत येत असतो.

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात साधारण ७३०० कामगारांची बारा वर्षांची माहिती तपासली गेली, ती २०१७ च्या सुमारास प्रसिद्ध झाली. मुख्यतः उभ्याने काम करणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका मुख्यतः बसून काम करणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट निघाला. वय, शिक्षण, धूम्रपान, वजन अशा गोष्टींचा फरक हिशेबात घेऊनही. एका अभ्यासावरून शेवटचा शब्द सांगता येत नाही, पण 'बसणं म्हणजे नवं धूम्रपान' ही घोषणा कुणाच्या खुर्चीतून दिली गेली, हे त्यातून लक्षात येतं.

कायद्याला हे फार आधीच कळलं होतं. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४४ मध्ये स्पष्ट लिहिलं होतं की ज्यांना उभ्याने काम करावं लागतं अशा सगळ्या कामगारांसाठी बसायची योग्य सोय हवी, म्हणजे कामाच्या ओघात विश्रांतीची संधी मिळेल तेव्हा त्यांना बसता येईल. एखादं काम बसूनही नीट होऊ शकत असेल, तर तिथे बसायची व्यवस्था करा असं सांगायचा अधिकार मुख्य निरीक्षकाला दिला होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली, तिच्यातही उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याच्या सोयीची तरतूद आहे.

मेख आहे ती 'संधी मिळेल तेव्हा' या शब्दांत. एका गाडीवरचं काम संपून दुसरी समोर यायला काही सेकंदच असतील, तर स्टूल शेजारी असूनही त्यावर बसायला कुणाला फुरसत मिळत नाही. स्टूल आहे, म्हणजे कायदा पाळला. बसायला वेळ आहे का, हा प्रश्न वेगळा, आणि कंत्राटी कामगार तो विचारायला सहसा धजत नाही.

कारखान्यांबाहेरही हेच आहे. केरळमध्ये कोझिकोडच्या मिठाई स्ट्रीटवरच्या साड्यांच्या दुकानांत काम करणाऱ्या बायकांना दिवसभर बसायला मनाई असायची. पी. विजी या शिवणकाम करणाऱ्या कार्यकर्तीने त्यांना संघटित केलं, लढा बरीच वर्षं चालला आणि २०१८ मध्ये केरळ सरकारने दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून बसण्याचा हक्क दिला. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसाच कायदा केला. आपल्याकडे निगडी-चिंचवडच्या कापड दुकानांत आणि मॉलमध्ये काउंटरमागे एकदा डोकावून बघा, स्टूल दिसतं का.

तंत्रज्ञानाने यावर डोकं लावलं नाही असंही नाही. जर्मनीत ऑडीने २०१५ मध्ये एका स्विस कंपनीची 'बिनखुर्चीची खुर्ची' कारखान्यात वापरून पाहिली. कामगाराच्या पायांना मागून पट्ट्यांनी बांधलेला सांगाडा, गुडघे वाकवले की तो अडकतो आणि माणूस हवेत बसल्यासारखा टेकतो. कल्पना भन्नाट, पण साधं उंच स्टूल त्याच्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

आणि असं स्टूल घरीही होतं. त्याच पॅलेटच्या उरलेल्या फळ्या आणि ठोकळे लागतात. हे नेहमीचं स्टूल नाही. यावर अर्धं टेकायचं असतं, पाय जमिनीवरच राहतात, उठायला जोर लागत नाही. उभ्याने काम करायच्या टेबलापेक्षा, काउंटरपेक्षा किंवा ओट्यापेक्षा ते साधारण दहा ते बारा इंच खाली हवं. ४१ इंची डेस्कला २९-३० इंचांचं, ३४ इंची ओट्याला २२ ते २४ इंचांचं. बसायची फळी पुढच्या बाजूला किंचित उतरती ठेवा आणि तिची पुढची कड गोल घासा, नाहीतर ती मांडीत रुतते. पाय खालच्या बाजूला थोडे फाकलेले असू द्या म्हणजे ते कलंडत नाही, आणि जमिनीपासून सात-आठ इंचांवर एक आडवी पट्टी ठोका. ओट्यापुढच्या स्टूलला ही पट्टी नसेल, तर दुसऱ्याच दिवशी ते बाल्कनीत जाऊन पडतं.